जुना लॅपटॉप पुन्हा कामाला लावताना

आठ-दहा वर्षे वापरलेला लॅपटॉप मंद पडला की तो सहसा कपाटाच्या वरच्या कप्प्यात जातो आणि नव्याची चर्चा सुरू होते. संगणकाची आवड असणाऱ्या माणसाला मात्र असा लॅपटॉप पाहिला की हात स्वस्थ बसवत नाहीत. माझ्या अनुभवात असे बहुतेक लॅपटॉप 'म्हातारे' झालेले नसतात. ते धुळीने गुदमरलेले असतात, फिरत्या हार्ड डिस्कने अडवलेले असतात, मेमरी अपुरी पडल्याने दमलेले असतात किंवा पेलवत नाही इतक्या जड सॉफ्टवेअरखाली वाकलेले असतात. या चार कारणांचे उपाय वेगवेगळे आहेत. नेमके कारण ओळखण्याआधी जो सुटे भाग विकत घेतो किंवा झाकण उघडतो, त्याचा वेळ आणि पैसा दोन्ही बहुधा वाया जातात. म्हणून या लेखात कामाचा क्रम मी जाणीवपूर्वक ठरवला आहे आणि तो बदलू नये असा माझा आग्रह आहे.

सर्वांत आधी बॅकअप घ्यावा. जुनी डिस्क किती दिवसांची सोबती आहे हे बाहेरून कळत नाही, आणि संपूर्ण डिस्क एका दमात वाचून काढणे हेच कधी कधी तिचे शेवटचे काम ठरते. त्यामुळे पुन्हा मिळणार नाहीत अशा गोष्टी, म्हणजे छायाचित्रे, स्वतः लिहिलेले मजकूर, हिशेबाच्या फाइली, प्रथम उतरवून घ्याव्यात आणि चित्रपट, गाणी किंवा पुन्हा डाउनलोड करता येतील अशा गोष्टी शेवटी घ्याव्यात. डिस्कमधून ठरावीक अंतराने टकटक आवाज येत असेल, तर फाइल मॅनेजरने नकला काढण्याचा हट्ट धरू नये. 'डीडीरेस्क्यू' हे मुक्त साधन अशा वेळी उपयोगी पडते, कारण ते आधी सहज वाचता येणारा भाग उतरवून घेते, कुठला भाग राहिला याची नोंद एका फाइलीत ठेवते आणि त्यानंतरच बिघडलेल्या जागांकडे परत वळते. बॅकअप किमान दोन वेगळ्या ठिकाणी असावा, आणि त्यातल्या पाच-दहा फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर मी विश्वास ठेवत नाही. डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे सांकेतिक रूपात कुलूपबंद असेल, तर ती उघडणारी रिकव्हरी की आधी लिहून घ्यावी, कारण पुढे फर्मवेअरमधली (मदरबोर्डवरच्या मूळ प्रणालीतली) एखादी सेटिंग बदलताच विंडोज ती मागू शकते आणि त्या क्षणी ती त्याच बंद डिस्कमध्ये अडकलेली असते.

आता निदान. लॅपटॉप सुरू करून पहिल्या दोन-तीन मिनिटांतच टास्क मॅनेजर उघडावा आणि तीन आकड्यांकडे पाहावे. डिस्कचा वापर शंभर टक्क्यांना चिकटलेला आणि प्रोसेसर मात्र दहा-पंधरा टक्क्यांवर रेंगाळत असेल, तर अडथळा डिस्कचा आहे. ब्राउझरचे चार टॅब उघडताच मेमरी नव्वद टक्क्यांपुढे जात असेल, तर मेमरी कमी पडते आहे. आणि सुरुवातीला सगळे ठीक चालून दहा मिनिटांनी यंत्र अचानक ढेपाळत असेल, पंखा ओरडत असेल, तर उष्णतेचा संशय घ्यावा. बहुतेक प्रोसेसर शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग खाली आणतात. अडीच गिगाहर्ट्झवर धावणारा प्रोसेसर एक गिगाहर्ट्झच्याही खाली येतो आणि वापरणाऱ्याला वाटते की लॅपटॉप जुना झाला. 'एचडब्ल्यूइन्फो'सारख्या साधनात तापमान आणि वेग हे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी दिसतात. डिस्कची प्रकृती 'क्रिस्टलडिस्कइन्फो'मध्ये पाहावी. तिथे बदललेल्या आणि प्रलंबित (वाचताना अडणाऱ्या) सेक्टरांचे, म्हणजे डिस्कच्या लहान तुकड्यांचे, आकडे असतात. ते शून्य असावेत, आणि प्रलंबित सेक्टरांचा आकडा दर आठवड्याला वाढत असेल तर ती डिस्क पुन्हा कशासाठीही वापरू नये. मेमरीबद्दल शंका असल्यास 'मेमटेस्ट' रात्रभर चालू ठेवावी आणि सकाळी एकही चूक दिसली तरी ती पट्टी बदलावी.

हे सगळे आकडे एका वहीत लिहावेत: सुरू होण्यास लागणारा वेळ घड्याळ लावून, यंत्र स्वस्थ असतानाचे तापमान, आणि दहा मिनिटे ताण दिल्यानंतरचे तापमान. काम संपल्यावर नेमके काय सुधारले हे सांगणारा तेवढाच एक पुरावा आपल्याजवळ असतो.

डिस्कला मी इतके महत्त्व का देतो, ते थोडे सविस्तर सांगतो. जुन्या लॅपटॉपमधली डिस्क बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेणारी असते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात आणि हवी असलेली जागा वाचणाऱ्या टोकाखाली येण्यासाठी सरासरी अर्ध्या फेऱ्याची, म्हणजे साडेपाच मिलिसेकंदांची वाट पाहावी लागते. त्याआधी ते टोक योग्य वर्तुळावर सरकावे लागते, त्यात आणखी दहा-बारा मिलिसेकंद जातात. याचा अर्थ असा की विखुरलेल्या जागांवरून वाचायचे असेल तर ही डिस्क सेकंदाला साठ-सत्तर ठिकाणांच्या पुढे फारशी जाऊ शकत नाही. संगणक सुरू होताना मात्र हजारो लहान फाइली इकडून तिकडून वाचाव्या लागतात. एसएसडीमध्ये, म्हणजे चिपांवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारे, सरकणारे काहीच नसल्याने तीच फाइल मिलिसेकंदाच्या एक दशांश वेळात किंवा त्याहून लवकर हाती येते. प्रोसेसर तोच राहूनही सगळे यंत्र बदलल्यासारखे वाटते ते यामुळे. हातात एकाच भागापुरते पैसे असतील तर ते एसएसडीवरच खर्च करावेत.

झाकण उघडण्यापूर्वी त्या मॉडेलची दुरुस्ती पुस्तिका उत्पादकाच्या संकेतस्थळावर आहे का ते शोधावे. व्यावसायिक वापराच्या मॉडेलांसाठी ती बरेचदा मिळते आणि त्यात प्रत्येक स्क्रूची जागा व लांबी दिलेली असते. अवजारे थोडीच लागतात: पीएच-शून्य आणि पीएच-दुहेरी-शून्य मापाचे चांगल्या पोलादाचे स्क्रू ड्रायव्हर, प्लास्टिकची पातळ पट्टी, चिमटा, मऊ ब्रश, धागे न सोडणारे कापड, नव्वद टक्क्यांहून अधिक शुद्धतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि थर्मल पेस्टची छोटी नळी. स्क्रू ड्रायव्हरवर काटकसर करू नये, कारण टोक घासलेल्या स्क्रू ड्रायव्हरने एकदा स्क्रूचे डोके गोल झाले की तो स्क्रू काढण्यातच अख्खी दुपार जाते.

विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर नेहमीच्या पद्धतीने बंद केलेले यंत्र खऱ्या अर्थाने पूर्ण बंद होत नाही, म्हणून शिफ्ट दाबून ठेवून शट डाउन करावे. मग चार्जर काढावा, बॅटरी बाहेरून निघणारी असल्यास काढावी आणि पॉवरचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेला विद्युतभार निघून जातो. बॅटरी आत असेल तर झाकण उघडल्यावर पहिले काम तिचा कनेक्टर सोडवण्याचे. स्थिर विजेची काळजी अनेकांना अतिरेकी वाटते, परंतु सुमारे तीन हजार व्होल्टच्या खालचा झटका माणसाला जाणवतच नाही आणि चिपला इजा होण्यास त्याहून कितीतरी कमी पुरतो. गालिच्यावर किंवा कृत्रिम धाग्याचे कपडे घालून हे काम करू नये, आणि सुट्या भागांना हात लावण्याआधी जमिनीशी जोडलेल्या धातूला स्पर्श करावा.

स्क्रूंसाठी मी एक साधी पद्धत वापरतो. जाड पुठ्ठ्यावर लॅपटॉपच्या तळाची बाह्यरेषा काढतो आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्याच जागी पुठ्ठ्यात खोचून ठेवतो. सगळे स्क्रू सारखे दिसले तरी त्यांच्या लांबीत दोन-तीन मिलिमीटरचा फरक असतो, आणि लांब स्क्रू आखूड जागी बसवला तर तो मदरबोर्डमध्ये रुततो किंवा वरच्या बाजूला हाताच्या जागी फुगवटा आणतो. काही स्क्रू रबरी पायांखाली किंवा चिकटपट्टीखाली दडलेले असतात. झाकण एका कोपऱ्यात अडते आहे असे वाटले तर जोर लावू नये. तिथे एक स्क्रू राहिला आहे असेच समजावे.

आतल्या रिबन केबलींबद्दल मला विशेष सांगायचे आहे, कारण माझ्या हातून पहिले नुकसान तिथेच झाले. या पातळ, चपट्या केबली ज्या कनेक्टरमध्ये बसतात त्यावर जेमतेम दोन मिलिमीटर रुंदीची काळी किंवा तपकिरी पट्टी असते. काही कनेक्टरमध्ये ती बिजागरीसारखी नखाने वर उचलायची असते, तर काहींमध्ये दोन्ही टोकांना धरून किंचित बाहेर सरकवायची असते. मी उचलायची पट्टी ओढली, ती तुटून चिमट्यात आली आणि त्या लॅपटॉपचा कीबोर्ड पुढे कधीच नीट चालला नाही. त्या दिवसापासून मी भिंगाखाली पाहिल्याशिवाय आणि मोबाइलवर जवळून फोटो काढल्याशिवाय कोणत्याही कनेक्टरला हात लावत नाही.

झाकण उघडताच बॅटरीकडे नीट पाहावे. ती एका बाजूने फुगलेली असेल, टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा दोन झाकणांमध्ये फट पडली असेल, तर काम तिथेच थांबवावे. फुगलेल्या लिथियम-आयन बॅटरीच्या आत वायू साठलेला असतो; ती दाबू नये, वाकवू नये, टोचू नये, चार्ज तर मुळीच करू नये, आणि कचऱ्याच्या डब्यात न टाकता ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रात द्यावी.

आता धूळ. पंख्याच्या पात्यांवर दिसणारी धूळ फारशी महत्त्वाची नसते. खरा अडथळा पंखा आणि तांब्याच्या पातळ पाकळ्यांची जाळी यांच्या मधल्या अरुंद जागेत असतो. पंख्याचे छोटे झाकण काढले की तिथे राखाडी नमद्यासारखा घट्ट विणलेला थर दिसतो. चिमट्याने एका टोकाला धरला तर तो अखंड पट्टी होऊन बाहेर येतो. बाहेरच्या जाळीतून हा थर दिसत नाही, आणि बाहेरून फुंकर मारल्याने तो सुटून पंख्यातच जाऊन अडकतो. हवेचा दाब वापरायचा असेल तर पाती बोटाने धरून ठेवावीत. मोकळा सोडलेला पंखा वाजवीपेक्षा जोरात फिरून त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते.

हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारा धातूचा भाग, काढण्याचे काम सर्वांत शांतपणे करावे. तिच्या स्क्रूंजवळ बहुधा १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. बसवताना त्या क्रमाने आणि काढताना उलट क्रमाने जावे, तेही प्रत्येक स्क्रू थोडा-थोडा, फेऱ्या-फेऱ्यांनी. एकच कोपरा पूर्ण सैल केला तर सगळा दाब उघड्या सिलिकॉनच्या दुसऱ्या कोपऱ्यावर येतो आणि त्याचा टवका उडण्याची भीती असते. पेस्ट सुकून हीटसिंक चिकटून बसली असेल तर सरळ वर ओढू नये, हलकेच डावी-उजवीकडे फिरवावी. यंत्र आधी पाच मिनिटे चालवून कोमट करून घेतले असेल तर ती सहज सुटते. खाली सापडणारी जुनी पेस्ट खडूच्या भुकटीसारखी कोरडी झालेली असते. अल्कोहोलने भिजवलेल्या कापडाने दोन्ही पृष्ठभाग आरशासारखे चकचकीत होईपर्यंत पुसावेत.

नवी पेस्ट किती लावावी यावर उत्साही मंडळींत खूप वाद होतात. तिचे काम समजून घेतले तर वाद आपोआप मिटतो. दोन पृष्ठभाग वरून कितीही गुळगुळीत दिसले तरी सूक्ष्म पातळीवर त्यांत खाचा असतात आणि त्या खाचांत अडकलेली हवा उष्णता फार वाईट वाहून नेते. पेस्टने फक्त ती हवा हटवायची असते. म्हणजेच थर सलग हवा आणि शक्य तितका पातळ हवा. लॅपटॉपमधल्या उघड्या, आयताकृती सिलिकॉनवर मी प्लास्टिकच्या पट्टीने पातळ थर पसरवतो, कारण तिथे एखादा कोपरा कोरडा राहिला तर तोच कोपरा तापतो. शेजारच्या चिपांवर मऊ थर्मल पॅड असतील तर त्यांच्या जागी पेस्ट लावू नये. ते अर्धा किंवा एक मिलिमीटर अशी ठरावीक फट भरण्यासाठी असतात आणि फाटले तर त्याच जाडीचे नवे घ्यावेत. द्रवरूप धातूच्या मोहात नवख्याने पडू नये. त्यातले गॅलियम ॲल्युमिनियमला पोखरते आणि एक थेंब बाजूला ओघळला तर शॉर्टसर्किट होतो. एवढी सफाई आणि नवी पेस्ट यांनी पूर्ण ताणाखालच्या तापमानात पंधरा-वीस अंशांचा फरक पडल्याची नोंद माझ्या वहीत एकाहून अधिक वेळा आहे.

एसएसडी घेताना आपल्या यंत्रात कोणती जागा आहे ते आधी पाहावे. अडीच इंची साटा (डिस्क जोडण्याची जुनी पद्धत) डिस्क असेल तर तशाच आकाराची साटा एसएसडी बसते; जुनी डिस्क साडेनऊ मिलिमीटर जाड आणि नवी सात मिलिमीटर असली तर बरोबर मिळणारी चौकट लावून फट भरता येते. एम-डॉट-दोन (पट्टीसारख्या एसएसडीची) प्रकारची जागा असेल तर अधिक सावध राहावे. २२८० हा आकडा २२ मिलिमीटर रुंदी आणि ८० मिलिमीटर लांबी एवढेच सांगतो. आतली भाषा साटा की एनव्हीएमई (अधिक वेगवान नवी पद्धत), हे त्यावरून कळत नाही. फक्त साटा समजणाऱ्या जागेत एनव्हीएमई एसएसडी चालत नाही, म्हणून पुस्तिका पाहूनच खरेदी करावी. साटाचा वेग सेकंदाला साधारण ५५० मेगाबाइटवर थांबतो हे खरे, परंतु फिरत्या डिस्कवरून येणाऱ्याला रोजच्या कामात तो भरपूर वाटतो. यंत्रात डीव्हीडी ड्राइव्ह असेल आणि जुनी डिस्क निरोगी असेल, तर ड्राइव्हच्या जागी चौकट बसवून ती डिस्क साठवणुकीसाठी ठेवता येते.

मेमरीचे काम सोपे आहे. डीडीआर-३ पट्टीला २०४ आणि डीडीआर-४ पट्टीला २६० पिना असतात, त्यामुळे चुकीची पट्टी बसतच नाही, मात्र १.३५ व्होल्टची डीडीआर-३-एल मागणाऱ्या यंत्रात १.५ व्होल्टची साधी पट्टी घालू नये. ८ जीबी मेमरीवर आजचे रोजचे काम व्यवस्थित होते. यंत्र उघडलेच आहे तर मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेलही बदलावा. बरेचदा तो सीआर-२०३२ असतो, म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा आणि ३.२ मिलिमीटर जाडीचा.

राहिली ऑपरेटिंग सिस्टिम. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो, त्यामुळे कित्येक सुस्थितीतली यंत्रे अधिकृतपणे बाहेर पडली. अशा यंत्रावर मी लिनक्स टाकतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या या कर्नलवर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर, आज अनेक वितरणे (वापरण्यास तयार रूपे) उभी आहेत. ८ जीबी मेमरी असल्यास लिनक्स मिंटचा सिनॅमन डेस्कटॉप, आणि ४ जीबी असल्यास एक्सएफसीई डेस्कटॉप, ही माझी निवड आहे. एक गोष्ट मात्र लक्षात असू द्यावी, की डेस्कटॉप कितीही हलका असला तरी मेमरी खाणारा खरा गिऱ्हाईक ब्राउझर असतो.

डाउनलोड केलेल्या आयएसओ फाइलीचा (लिनक्स इन्स्टॉल करण्याच्या फाइलीचा) एसएचए-२५६ सारांश, म्हणजे फाइलीवरून गणिताने काढलेली ओळखखूण, संकेतस्थळावर दिलेल्या सारांशाशी ताडून पाहावा. तो ६४ अक्षरांचा असतो आणि फाइलीतला एक बिट जरी बदलला तरी पूर्ण निराळा येतो. मग 'एचर' किंवा 'रूफस'ने ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिहावी. यात पेनड्राइव्हवरचे आधीचे सर्व पुसले जाते. यंत्र सुरू करताना एफ-२, एफ-१२ किंवा एस्केप दाबून पेनड्राइव्हवरून बूट करावे आणि लगेच इन्स्टॉल न करता लाइव्ह रूपातच, म्हणजे पेनड्राइव्हवरूनच चालवून, अर्धा तास वापरून पाहावे. वाय-फाय, आवाज, कॅमेरा, पडद्याचा प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या कळा हे सर्व तपासावे. एक चाचणी बहुतेक जण विसरतात: झाकण मिटून पाच मिनिटे थांबावे आणि पुन्हा उघडावे. झोपलेले यंत्र नीट जागे होत नसेल तर ते इन्स्टॉल करण्याआधी कळलेले बरे. वाय-फाय ओळखले गेले नाही तर मोबाइल यूएसबी केबलने जोडून त्याचे इंटरनेट वापरावे आणि ड्रायव्हर उतरवून घ्यावा. इन्स्टॉल करताना दोन डिस्क दिसत असतील तर नावावर न जाता आकारावरून खात्री करावी, शक्य असल्यास जुनी डिस्क तेवढ्यापुरती काढूनच ठेवावी, आणि लॅपटॉप बाहेर नेला जाणार असेल तर एन्क्रिप्शनची खूण अवश्य करावी.

पहिल्यांदा सुरू झाल्यावर सर्व अद्यतने घ्यावीत, 'टाइमशिफ्ट'ने व्यवस्थेची एक नोंद साठवावी आणि मेमरी ४ जीबी असेल तर झेडरॅम चालू करावे, म्हणजे वापरात नसलेली पाने मेमरीतच दाबून ठेवली जातात. देवनागरी लिहिण्यासाठी कीबोर्डच्या मांडणीत मराठी इन्स्क्रिप्ट जोडून घ्यावी. हे यंत्र घरातल्या फाइलींचा सर्व्हर म्हणून सतत जोडलेले राहणार असेल, तर फर्मवेअरमध्ये किंवा 'टीएलपी' या वीज वाचवणाऱ्या साधनात चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवण्याची सोय आहे का ते पाहावे. कायम पूर्ण भरलेली आणि कायम तापलेली बॅटरी लवकर झिजते आणि तिच्या फुगण्याचा धोकाही वाढतो.

शेवटी वही उघडावी आणि सुरुवातीच्या त्याच मोजण्या पुन्हा घ्याव्यात. तापमान अपेक्षेइतके उतरले नसेल तर बहुधा हीटसिंकचा एखादा स्क्रू पूर्ण बसलेला नसतो किंवा पेस्ट एका बाजूला कमी पडलेली असते. झाकण पुन्हा उघडण्याचा कंटाळा करू नये. आकडे मनासारखे आले की एका छोट्या चिठ्ठीवर त्या दिवसाची तारीख, वापरलेली पेस्ट, पॅडची जाडी आणि लांब स्क्रूंच्या जागा लिहाव्यात व ती चिठ्ठी झाकणाच्या आतल्या बाजूला, हवेची वाट सोडून, चिकटवावी. दोन-तीन वर्षांनी हेच झाकण पुन्हा उघडणाऱ्याला, मग ते आपण असू किंवा दुसरे कोणी, सर्वांत आधी तीच वाचायला मिळेल.